डहाणूसमोर कायच नाय

१८ नोव्हेंबर
बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शाळेचं बोलावणं आलंय! ध्वजदिनाला भाषण द्यायचं. विषय — सैन्यातलं इलेक्ट्रॉनिक युद्ध. सासूबाई मासळीची पाटी उतरवता उतरवता म्हणाल्या, "उभ्या जन्मात एक गोळी नाय झाडली यांनी. पोरांना काय सांगणार?" बाबा नुसते हसले. सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली, शत्रूचे वायरलेस ऐकण्यात. सातपाटीत त्यांना 'रेडिओ फौजी' म्हणतात, ते काही कौतुकानं नाही.
भाषण लिहून घ्यायचं काम माझं.

२० नोव्हेंबर
बाबा स्वतःच्या नोकरीतलं अवाक्षर सांगत नाहीत. "गुप्ततेची सही दिलीय, भावना." मग जुना इतिहास. १९०४ साली जपानी जहाजं पोर्ट आर्थर बंदरावर तोफा डागत होती. गोळा कुठं पडला ते दुसरं जहाज वायरलेसवर कळवायचं. बंदरातल्या रशियन माणसानं आपल्या यंत्राचं बटण दाबून नुसती खरखर सोडली. निरोप बुडाला, तोफा आंधळ्या झाल्या. पुढं दुसऱ्या महायुद्धात विमानातून चांदीच्या कागदाच्या पट्ट्या उधळल्या — रडारला वाटलं, शेकडो विमानं आली.
म्हणजे ऐकायचं, बुडवायचं, फसवायचं आणि आपलं ते जपायचं. मी म्हटलं, बाबा, हे तर आपल्या बंदरात रोज चालतं. बाबांना आवडलं नाही. "फसवायचं ते शत्रूला. आपल्याच माणसाला फसवलं तर आपलीच तोफ आपल्यावर."
माझा नवरा ललित जेवता जेवता म्हणाला, "बाबा, सरंग्याची मासळी लागते त्या जागेवर सगळेच शत्रू!"

२२ नोव्हेंबर
ललित बोट घेऊन गेला. जाताना माझ्या कानात — "मी उत्तर म्हटलं की तू दक्षिण समजायचं."
मी बोईसरची, वडील कारखान्यात पाळ्या करायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार वाईट वाटायचं. इथं बोट चालवणारा कुठलाच तांडेल वायरलेसवर खरी जागा सांगत नाही. सरंगा लागला की म्हणायचं, काय नाय, नुसती चिखलट. जागा सांगणारा येडा. सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाहीत.

२४ नोव्हेंबर
मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात बर्फाच्या पावत्या लिहीत होते. वायरलेसवर ललित — "डहाणूसमोर हाय. कायच नाय लागत." डहाणू उत्तरेला, म्हणजे हा दक्षिणेला आणि जाळं भरलंय. मला हसू आलं.

२६ नोव्हेंबर
कालपासून ललितचा आवाज नाही. मोबाइलला तिथं रेंज नसतेच. सकाळी वायरलेसवर अर्धवट काहीतरी आलं — "इंजिन..." आणि खरखर. मग तेही नाही.
सगळे ऑफिसात जमले. कोस्ट गार्डला कळवलं. जागा? सगळ्यांनी ऐकलेली — डहाणूसमोर. विनोद, ललितचा लहानपणापासूनचा दोस्त आणि जागेवरून रोजचा भांडणारा, बोट काढून उत्तरेला निघालासुद्धा.
तो डहाणूला नाही हे मला ठाऊक होतं. बोलले तर गावासमोर नवऱ्याला खोटारडा ठरवायचं. सासूबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघवेना. मग उठले आणि माइक हातात घेतला. "विनोदभाऊ, मागं फिरा. ललित डहाणूला नाही. तो खोटं बोलला."
मग विनोदचा आवाज — "मंग हाय कुठं, वहिनी?"
तेच तर माहीत नव्हतं. दक्षिण म्हणजे केवढा समुद्र!

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
बाबांनी जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या नळ्या वाकवल्या, हातातल्या वायरलेस सेटला जोडल्या. गच्चीवर मला उभं केलं. त्यांचा कान आता गेलाय, म्हणून ऐकायचं मी. "आवाज मोठा कुठं होतो ते नको. मरतो कुठं ते सांग. तिथंच पक्की दिशा मिळते." किती वेळ नुसता समुद्र. मग खरखरीत एक तुटका आवाज — शब्द नाहीत, कोणीतरी बटण दाबतंय, सोडतंय. ललितच. त्याच्याजवळ हातातला सेट तेवढा चालू असणार. मी रडायला लागले. बाबा ओरडले, "रड नंतर, नळी फिरव!"
मी आवाज मेला तिथं हात धरला. बाबांनी नकाशावर रेघ मारली. लगेच स्कूटरवरून केळव्याला. तिथून दुसरी रेघ. जिथं छेद आला तिथं बाबांनी बोट ठेवलं. कोस्ट गार्डला आणि विनोदला त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगितले.

२७ नोव्हेंबर
सापडला. सगळेच सापडले. विनोदनं बोट ओढत आणली. ललितचे ओठ फुटलेले. आल्याआल्या बाबांच्या पायाशी बसला. बाबा म्हणाले, "आदी विनोदच्या पाया पड."
सासूबाईंनी मला जवळ घेतलं. मला वाटलं होतं, रागावतील.

७ डिसेंबर
भाषण झालं. पोर्ट आर्थर, चांदीच्या पट्ट्या, सगळं नीट वाचलं. मग एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमी किती दुश्मन मारले?"
बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "माहीत नाय, बाळा. आमी दिशा सांगायचो. पुढचं दुसऱ्यांचं काम. दिशा सांगितली की तो आवाज बंद व्हायचा." मग म्हणाले, "परवा पयल्यांदा दिशा काढली नि माणूस घरी आला."
हे कागदावर नव्हतं. मागच्या बाकावर सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

१६ डिसेंबर
ललित पुन्हा समुद्रावर. आज वायरलेसवर त्यानं खरी जागा सांगितली! "अर्नाळ्यासमोर हाय. सरंगा भरपूर. या रे सगळे." ऑफिसात हशा. नेहमीची थाप समजून एकही बोट वळली नाही. पण विनोद मात्र इंजिन फाडत पोचला, बोट ओढायचा दोर हातात घेऊन. "तू मासळीची जागा खरी सांगितलीस," म्हणाला, "म्हंजे मरायला टेकला असशील!"