प्रश्नातच उत्तर

१२ मे, सोम.
ईरा आजही जेवून थेट खोलीत. दार बंद. "शाळेत सगळं ठीक ना?" "हं." महिना झाला, हे असंच. सोळा वर्षांची मुलगी गप्प झाली की मनात नको नको ते येतं. कुणी छळतंय? कुणी मुलगा? नवरोबा म्हणतात, वयच तसं आहे. झालं, मिटलं.

१५ मे, गुरु.
शाळेच्या मॉक ट्रायलमध्ये ईरा वकील. खटला खोटा, नियम खरे. सरावासाठी मला सोफ्यावर बसवून सायकलचोरीची साक्षीदार केलं. "तुम्ही काय पाहिलंत?" मी सुरू केलं, शेजारीण म्हणत होती की...
"ऐकीव चालत नाही, आई. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच."
मग मी पुण्याला फोनवर बोलायचं तरी काय, म्हटलं. ईरा हसली. किती दिवसांनी.

१७ मे, शनि.
आज मी वकील, ती माझी साक्षीदार. "सायकल लाल होती ना? चोर उंच होता ना?"
"ऑब्जेक्शन, लीडिंग. आपल्याच साक्षीदाराला उत्तर भरवायचं नसतं. घरी पण तू सेम करतेस, ला."
इथल्या सिंगापुरी मुलांसारखं शेवटी 'ला' लावून, चिडून नाही म्हणाली, तरी लागलं.

१९ मे, सोम.
ऑफिसला जाताना तांजोंग पगार स्टेशन येईपर्यंत एमआरटीत, मेट्रोत, तेच डोक्यात. दूध प्यायलीस ना, मैत्रिणी चांगल्या आहेत ना, ज्युनियर कॉलेजलाच, जेसीलाच, जायचं ना. हं, हं, हं. दुसरं काय म्हणेल बिचारी?

२० मे, मंगळ.
हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलच्या गर्दीत, दोघीच. विचारलं, "काय चाललंय मनात?" आणि तोंड मिटून बसले. महाकठीण काम. चहा गार.
"मला जेसी नकोय, आई. पॉलिटेक्निकला लॉचा डिप्लोमा करायचाय. पण तू सगळ्यांना जेसी सांगून ठेवलंयस."
एवढंच? जीव भांड्यात पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणे, "इथे नको ला, आई."
पॉली बरं की वाईट, मला ठरवता येत नाहीये. पण रात्री तिचं दार उघडं होतं.

२१ मे, बुध.
जेवताना बाबाला सांगणार होती. पोळी मोडते न मोडते तोच नवरोबा, "मग, जेसी नक्की ना?"
ईरानं माझ्याकडे पाहिलं.
"ऑब्जेक्शन," मी म्हणाले.
घास हातातच राहिला त्यांच्या. "मग कसं विचारू?"