दंडमुद्रा आणि चारशे सतरा अडाणी

२ सप्टेंबर, संध्याकाळ
विभागप्रमुख बाई महिनाअखेर रिटायर होणार. खुर्चीसाठी दोनच नावं, मी आणि धाकट्या मॅडम. संग्रहालयशास्त्र मी बावीस वर्षं शिकवतोय, त्या चार. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. पण कमिटीने नवं खूळ काढलंय. दोघांनीही सोशल मीडिया वापरून शिकवून दाखवायचं. ठीक आहे. फोनची बटणं दाबायला काय अक्कल लागते? सकाळी अकाउंट उघडलं, दुपारी पासवर्ड विसरलो, आता दुसरं उघडलं. संकल्प: रोज एक पोस्ट.

४ सप्टेंबर
वर्गाला नवी पद्धत समजावली. कॉलेजच्या म्युझियममधली एक वस्तू घ्या, फोटो काढा, पन्नास शब्दांत माहिती लिहा, टाका. चौदाच्या चौदा जागे. असं पूर्वी झालेलं नाही. माझी आवडती विद्यार्थिनी, जिला सगळे पहिला बाक म्हणतात, तिने विचारलं की बघणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असली तर? मी मनापासून हसलो. वर्ग हसला नाही. हल्लीच्या मुलांना विनोद कळत नाही.

७ सप्टेंबर
नमुना म्हणून स्वतःच पोस्ट टाकली. अर्थातच वस्तू क्रमांक ४१, म्हणजे माझी दंडमुद्रा. कुठल्याशा दरबारात शिक्का मारायचा लाकडी दांडा, वर गोल गुळगुळीत डोकं, आत पोकळी. माझा प्रबंध हिच्यावर. मधल्या काचपेटीत ती, खाली पाटीवर माझं नाव. तीनशे ऐंशी शब्द लिहिले. जास्त झाले, पण प्रत्येक शब्द आवश्यक होता.
दोन लाइक. एक माझं, चुकून. दुसरं मेहुण्याचं. तो निधनाच्या बातमीलाही अंगठा दाखवतो.

१० सप्टेंबर
पहिल्या बाकाने माझे ३७८ शब्द उडवले. उरले दोन: ‘हे काय?’ सोबत फोटो. मी म्हटलं, संशोधनाच्या वस्तूला असं चव्हाट्यावर उभं करतात का? ती म्हणाली, एकदा करून बघू या, सर. मुलगी गुणी आहे. परवानगी दिली.

११ सप्टेंबर, संध्याकाळ
नऊशे कमेंट! एका दिवसात! वाचायला वेळ नाही, आधी आकडा कमिटीला कळवला. विभागप्रमुख बाई जिन्यात थांबून अभिनंदन म्हणाल्या. धाकट्या मॅडमचं तोंड बघण्यासारखं होतं. कोट इस्त्रीला टाकला. घरी सौ.ला पोस्ट दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली, मग कुकर लावायला गेली. तिला या विषयात गती नाही.

१२ सप्टेंबर
कमेंट वाचल्या.
चारशे सतरा लोकांच्या मते ती मोजे रफू करायची लाकडी दांडी आहे. गोल डोकं मोज्यात घालायचं, म्हणजे भोक ताणलं जातं आणि टाके नीट पडतात. चारशे सतरा! एवढे अडाणी एका जागी जमतात कसे? एका म्हाताऱ्या शिंप्याने तर आपली दांडी मोज्यासकट फोटोत दाखवलीय. म्हणे आतली पोकळी सुया ठेवायला. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या पोकळीवर आहे. ती गुप्त संदेशांसाठी होती. आतले लाल डाग हे लाखेचे.
शिंपी म्हणतो, सुया गंजल्या असतील.
खंडन लिहायला घेतलं. बारा भाग होतील.

१४ सप्टेंबर
खंडनाचा पहिला भाग टाकला. खाली मेहुणा लिहितो, ‘काखेत कळसा’, पुढे हसरा चेहरा. कशाचा संबंध कशाशी! धाकट्या मॅडमनी शिंप्याला उत्तर दिलंय: ‘धन्यवाद काका, आमच्या वर्गाशी बोलाल का?’ म्हणजे माझ्या भिंतीवर येऊन माझ्याच शत्रूला आमंत्रण. आणि पहिल्या बाकाने त्याला बदाम दिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. तिला मी गेल्या वर्षी माझ्या प्रबंधाची सही केलेली प्रत दिली होती.

१६ सप्टेंबर, दुपारी ३
कमेंट पुन्हा उघडल्या.
सगळ्यात वर आलेली कमेंट. प्रोफाइलवर जास्वंदीचं फूल. फोटोत अगदी तशीच दांडी, निळ्या पत्र्याच्या डब्याला टेकवलेली. खाली लिहिलंय, ‘आमच्याकडे आहे. आईची. अजून वापरात.’ एकवीसशे लाइक.
तो डबा मी ओळखतो. झाकणाला पोचा आहे. तो मीच पाडलाय.
घरी जाऊन शिवणाचं कपाट उघडलं. दोऱ्यांच्या रिळांखाली होती. डोकं वापरून चकचकीत झालेलं. त्यावर चढवलेला राखाडी मोजा माझा.
माझ्याच घरात! एकवीस वर्षं मी दरबार शोधत फिरलो आणि हिने एक शब्द काढला नाही. विद्यार्थी परके, सहकारी परके, ते दगा देणारच. पण ही?

१७ सप्टेंबर
कालपासून अबोला. माझ्या बाजूने. तिला अजून कळलेलं दिसत नाही. शेवटी मीच विचारलं, इतकी वर्षं लपवून का ठेवलंस? ती मोज्यातून मान वर न करता म्हणाली, “अहो, लपवलं कुठे? लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं मी. तुम्ही घरात फळा आणलात.”
धादांत खोटं. एवढी मोठी गोष्ट मी विसरेन?

२४ सप्टेंबर
कमिटी बसली. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो. खंडनाचे बाराही भाग छापून नेले होते. कमिटीने प्रयोग अपूर्व म्हणून गौरवला आणि लोकांशी नीट संवाद साधल्याबद्दल धाकट्या मॅडमना खुर्ची दिली. मी कोणाचं काय घोडं मारलं होतं?
पुढच्या सोमवारी वर्गात रफूचं प्रात्यक्षिक आहे. शिंपीकाकांना गुडघ्यामुळे येता येत नाही. पाहुण्या म्हणून माझ्या सौ.ला बोलावलंय. तिने मला विचारलंही नाही. हो म्हणून टाकलं.

२८ सप्टेंबर
वर्ग गच्च भरला होता. काही जण मागे उभे होते. चित्रीकरणासाठी मला फोन धरायला सांगितला. पाऊण तास धरला. सौ. छान बोलली. घरी इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, हे लिहायला जड जातंय. मुलं प्रश्न विचारत होती. पहिल्या बाकाने नवी पाटी लावली, अकरा शब्दांची. माझं नाव त्यात नाही.

२९ सप्टेंबर, सकाळी ११
रजा टाकली. माळ्यावरून जुन्या रोजनिश्या काढल्या. लग्नाच्या वर्षाची वही शोधायची आणि तिचा खोटेपणा पुराव्यानिशी समोर ठेवायचा. बाकी सगळ्यांनी फसवलं, पण माझी वही मला फसवणार नाही.
सापडली. दुसरा महिना, एकोणीस तारीख. माझंच अक्षर. जशीच्या तशी उतरवतो:
‘सौ.च्या मनात दंडमुद्रेविषयी एक खुळचट गैरसमज होता. फळा आणून दीड तास समजावलं. पटलं तिला. नंतर काही बोलली नाही.’