न मोजलेला पंप

७ जानेवारी, मंगळवार

सापडला! चौथ्या पंपात सापडला! खाणीतून वर येऊन तोंडही न धुता लिहितेय — बुटात पाणी, वहीवर चिखलाची बोटं. मोटरकडच्या बेअरिंगच्या आलेखात एकसारख्या अंतरावर छोटे छोटे सुळके. मोजले, परत मोजले. प्रत्येक गोळी एकाच चिरेवरून जाते तेव्हाच असं दिसतं. म्हणजे बाहेरच्या कड्याला चीर आहे. न उघडता सांगतेय मी हे!

फोरमन बा मुसोंडांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तीन महिन्यांत एक तरी बिघाड आधी सांगून दाखव. नाहीतर तुझं हे थरथर मोजायचं यंत्र परत, आणि तू भांडारात नट-बोल्ट निवडायला." अडीच महिने संपले होते!

आज पाचही पंप तपासले. दुसऱ्यापाशी माझ्याबरोबर कुणी थांबलंच नाही. घाईत असतील. त्याचा आलेख मात्र पाचांत सगळ्यात साफ. कुणीतरी ग्रीस वगैरे अगदी मनापासून घालत असणार.

८ जानेवारी

बा कांग्वा, इथले सगळ्यात जुने फिटर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला — झालं त्यांचं निदान. तीस वर्षं हेच. माझा आलेख बघून म्हणाले, "काय गं बुपे, पंपाचा ईसीजी काढलास होय? मग इंजेक्शन कधी देतेस?" सगळे खिदळले. मीही हसत म्हणाले, "तुमच्या कानाला कळेपर्यंत पंप मेलेला असतो, बा कांग्वा."

त्यांचं हसू एकदम गेलं. इतकं काय लागलं त्यांना? माझीही जीभ ना!

असो. कामाचा कागद दिला. एरवी बा मुसोंडा लिहितात, हा मी स्वतः लिहिला, नकाशात बघून: पंप क्रमांक ४, मोटरकडचं बेअरिंग, आठवड्यात बदला. पाऊस ऐन भरात आहे. पाचांतले चार पंप चालायलाच हवेत, नाहीतर पाणी खालच्या थरावर चढतं. तिथे साठ माणसं कामाला असतात. म्हणून एका वेळी एकच पंप बंद करायचा.

१३ जानेवारी, सोमवार

बेअरिंग निघालं. चकचकीत. साधा ओरखडा नाही.

बा मुसोंडांनी ते वर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "घे, घरी शोभेला ठेव." ताटात कापेंताची सुकी मासळी होती, ती तशीच झाकून ठेवली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

१४ जानेवारी

गणित तीनदा केलं. तिन्हीदा बरोबर. मग चुकलं कुठे?

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी हट्टाने खाली गेले. बघते तर चौथा चालूच! सेन्सर लावला — तेच सुळके, दुप्पट उंच! आणि पलीकडे उघडून ठेवलेला होता पाचवा!

"बा कांग्वा, तुम्ही भलताच पंप उघडलाय!"

"चष्मा लाव गं पोरी. चौथाच आहे तो. हे बघ." आणि बोटाने मोजायला लागले. पहिला... मग पुढच्या पंपाला बोट लागलंच नाही, सरळ त्याच्या पलीकडे गेलं... दुसरा, तिसरा, चौथा.

"आणि हा मधला?"

पंपवाल्या चिसांगाने मला बाजूला ओढलं. "गप्प बस ना, बाई! त्याच्यावर लोम्बे गेला, बा कांग्वांचा मुलगा. सहा वर्षं झाली. बेअरिंग जाम झालं, कपलिंग फुटलं. तेव्हापासून तो पंप आम्ही चालवतो, पण मोजत नाही. फोरमनसुद्धा कागदावर आमचेच आकडे लिहितात."

अडीच महिन्यांत मला कुणी सांगू नये? आणि मी शहाणी, नकाशातून आकडा उचलून मोकळी!

पण आता काय? पाचवा उघडा, चौथा कधीही जाईल — मग उरतात तीनच. मी आलेख पुढे धरला. बा कांग्वांनी चौथ्याला स्क्रू ड्रायव्हर लावला. किती वेळ ऐकत होते! "मला काही ऐकू येत नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मग ओरडले, "खालची माणसं वर घ्या! आणि पाचवा जोडा रे, पाचवा!"

पाचवा! सगळ्यांच्या देखत पाचवा म्हणाले! चिसांगाच्या हातून पाना पडला.

तीन तासांत पाचवा सुरू झाला, चौथा बंद.

१६ जानेवारी

चीर! बाहेरच्या कड्याला! नख अडकतं तिच्यात! बा मुसोंडा म्हणाले, "दोन दिवससुद्धा टिकलं नसतं गं हे." यंत्र राहिलं, मी राहिले, साठ माणसं कोरडी राहिली! चिसांगाच्या बायकोने कळशीभर मक्याचं मुंकोयो प्यायला पाठवलं. मी नाचले. खरंच नाचले, बूट घालून! आता हे बेअरिंग खुशाल शोभेला ठेवणार!

१८ जानेवारी, शनिवार

बा कांग्वा घरी आले होते. टोपी हातात. म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मीच कान लावला होता. ठीक आहे, चालू कर, असं लोम्बेला मीच सांगितलं. खरं सांग बुपे, तुझ्या यंत्राला कळलं असतं?"

कळलं असतं. चांगलं आठवडाभर आधी.

मी म्हणाले, "नाही. काही बेअरिंगं काहीच न सांगता जातात."

त्यांनी मान हलवली. पाणी प्यायले. दारातून मागे वळून म्हणाले, "सोमवारपासून मला ते आलेख वाचायला शिकव."

मी हो म्हणून बसले.