रूथची भाकरी

रविवार संध्याकाळ, बेलापूर (जि. नगर). नोव्हेंबर १९९४

आमच्या ख्रिस्ती मासिकातल्या मुलांच्या पानासाठी इतकी वर्षं वस्तुपाठ लिहितो आहे. आज माझाच एक पाठ इथल्या संडे स्कूलमध्ये शिकवला जाताना पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं.

मी लिहिलं होतं: एका मुलाने घरून भाकरी आणावी, सगळ्यांनी ती मोडून खावी, आपण ख्रिस्तात एक आहोत. किती सोपं! आज पाळी रूथची होती. बाई तिला म्हणाल्या, "राहू दे तुझ्यापाशीच," आणि पिशवीतून दुकानातला पाव काढला. नंतर मी विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, तुमी नगरात बसून लिहिता. तिच्या घरचं खाल्लं तर बाकीच्या आया उद्यापास्नं पोरं धाडायच्या न्हाईत."

बाप्तिस्मा सगळ्यांच्याच आजोबांनी घेतला होता. जात कुणाची धुतली गेली? आणि मी तरी काय बोललो? नुसती मान डोलावली.

पाव खाऊन मुलं एका सुरात "आम्ही सारे एक" म्हणाली. रूथही म्हणाली, भाकरीचं फडकं मांडीवर घट्ट धरून.

सुटल्यावर तिने ती भाकरी चर्चमागच्या शेळीला घातली आणि फडकं झटकलं. तेवढ्यात तिची आई न्यायला आली.

"खाल्ली का गं पोरांनी?"

"व्हय. समद्यांनी."

आई केवढी हरखली! जाताना मला म्हणाली, "एक कशी पुरली वो येवढ्यांना? पुढल्या खेपेला दोन करून देते."