सातावर येऊन थांबलेली सोयरीक

मु. पो. कोरीट

तीर्थस्वरूप हेमांगीताई,

धाकट्या नवनीतचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले असं ऐकलं; तेल चोळत जा. भाऊजींना त्यांची साखर विचारू नकोस, ते खरं सांगत नाहीत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे रंजना माझ्याशी बोलत नाही आणि भावेश धड जेवत नाही, बाकी केळी उत्तम.

आता भावेशसाठी तू जमवून आणलेल्या रूपाच्या स्थळाबद्दल. रविवारी तिचे वडील बन्सीलालभाऊ चार माणसं घेऊन घर पाहायला आले. (मुलगी आपण पाहिलीच होती. मला फार आवडली, भावेशला माझ्याहून जास्त.) आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर लोक देवाचं नाव नाहीतर एखादी म्हण रंगवतात. मी पडलो गणिताचा निवृत्त मास्तर. पाहुणे यायचे म्हणून त्याच सकाळी पेंटरकडून पिवळ्या रंगात ७३९३९१३३ लिहून घेतलं. बन्सीलालभाऊंना वाटलं मोबाइल नंबर, दोन आकडे राहून गेले. त्यांनी फोटोही काढला. मग मला सांगणं भागच होतं ना? म्हटलं भाऊ, ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच हिला भाग जात नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. शेवटचा आकडा पुसा, उरलेली संख्याही मूळच. पुन्हा पुसा, तरी मूळच. नुसतं बोलून समाधान होईना, म्हणून डिझेलचा बोळा घेतला आणि ओल्या रंगावर एकेक आकडा पुसत गेलो. आत पोहे निवत होते, रंजना दारातून डोळे वटारत होती, आणि मी भाऊंचा हात धरून त्यांना फाळक्याजवळ ओढत होतो. शेवटी सात उरला. बाकीचा रंग भाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

ते शांतपणे म्हणाले, “सर, पन याना उपयोग काय शे?” मी अभिमानाने सांगितलं, काहीच नाही. त्यावर ‘कळवतो’ म्हणून मंडळी उठली. ताई, मुलीच्या बापाचं ‘कळवतो’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. रंजना तेवढं एकच वाक्य बोलली, “आते तुमना आकडालेच सून करी लई या.” भावेश त्या रात्री उपाशीच झोपला, त्याचंच जास्त वाईट वाटतं. पोरगं गुणी आहे गं. बापापायी त्याचं लग्न मोडू नये.

तुझा,
नवनीत

ता. क. बन्सीलालभाऊ भाऊजींचे मावसभाऊ. तू एक फोन कर. सांग, नवनीत तसा निरुपद्रवी आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच भावेश धावत आला. रूपाचा निरोप आहे. वडिलांनी माझ्या वेडाचा पुरावा म्हणून दाखवलेल्या फोटोवरून तिने त्या संख्येच्या शेवटी प्रत्येक आकडा जोडून पाहिला. सम आकडे आणि पाच तर आधीच बाद; एक आणि सात जोडले की तीनने भाग जातो. तीन आणि नऊ यांनी तिला फार छळलं, पण शेवटी तेही फुटले. म्हणजे ही संख्या मूळ राहून पुढे वाढतच नाही. ‘सरांना हे माहीत आहे का?’ असं तिने विचारलंय. ताई, माझे डोळे भरून आले. भावेश दोन भाकरी जेवला.

शेवटचं. फोनवर भाऊंना यातलं काही बोलू नकोस, मी बरा झालो एवढंच सांग. हे वेड फक्त आमच्याच घरात आहे असा त्यांचा समज आहे. तो लग्न लागेपर्यंत टिकायला हवा.