राखेत पडलेली भाकर

माय, तुझ्या हातातून भाकर निसटली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. आसेगावच्या घरात तू चुलीपुढे बसली आहेस, मी ताट घेऊन समोर. थापलेली भाकर तव्यावर टाकताना तुझा उजवा हात एकदम लुळा पडला, तोंड जरासं वाकडं झालं, भाकर राखेत गेली. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं, तू दुसरी थापायला घेतलीस आणि आपण दोघी हसलो. शेजारची काकू म्हणाली, "वारं गेलं अंगावरून. कबुतराचं रक्त चोळा." बाबा लगेच कबुतर घेऊन आले. तू त्यांच्यावर खेकसलीस, "थ्या बिचाऱ्यानं काय केलं तुमचं? सोडा त्याले. बरी हाय मी." कबुतर उडून गेलं. बरं वाटणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायची आपल्याकडे रीतच नव्हती. पुढच्याच महिन्यात तुझी वाचा गेली, ती परत आली नाही.

यंदा वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातातून खडू गळाला. उचलायला वाकले तर बोटं ऐकेनात. पोरं हसली, तेवढ्यात हात ताळ्यावर आला. घरी आमचे हे म्हणाले, "बीपी असन. झोप जराशी." मला मात्र राखेतली भाकर दिसली. म्हटलं, "झोपत नाही. गाडी काहाडा, अकोल्याले चाला."

मेंदूतली एक नस आतून अरुंद झाली होती. आधी औषधं दिली. ती चालू असतानाही पुन्हा हात गेला, तेव्हा डॉक्टरांनी जाळी बसवायचं सुचवलं. मांडीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची, फुग्याने नस रुंद करायची, जाळी आत ठेवायची. हे करतानाही लकव्याचा झटका येऊ शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. मी फार घाबरले, माय. मरणापेक्षा तुझ्यासारखं मुकं पडून राहायची भीती जास्त. तू माझ्याकडे बघत राहायचीस आणि तुला काय हवंय ते मला कळायचं नाही. मी पाणी पुढे करायची, तू मान वळवायचीस.

काल जाळी बसली. आज सकाळी माझं नाव विचारलं, ते मी नीट सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताने काहीतरी लिहून दाखवा. खरं सांगू? तुला पत्र लिहायचं माझ्या मनातही नव्हतं, पत्ता तरी कुठला टाकणार? पेन धरला आणि 'माय' उमटलं. "झालं, पुरे," म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मलाच थांबवेना.