पावडीले बांधलेली दोरी

तांडापेठ, नागपूर
ता. ६ मार्च १९७९, मंगळवार

उमरेडच्या ईनबाई वच्छलाबाईले नागपूरच्या रुखमाबाईचा नमस्कार. इकडे समदं बरं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत, एरंडाची पानं बांधता का नाही, ते कळवा. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नका. दुसरीतून बापानं मागावर बसवली, तिथंच माझी शाळा संपली.

पहिले गोड बातमी. आपली गोपी चालली! काल मी सुताच्या कांड्या भरून राहिली होती, पाहते तं पोरगी भिंत सोडून उभी. एक पाय टाकला, दुसरा टाकला, अन् धपकन बसली. बसल्यावर स्वतःच टाळ्या वाजवल्या बाप्पा! शेजारची गोदूबाई म्हणे, "अवं रुखमे, पडली थे पोरगी, तू काहून नाचून राहिली?" नाचीन नाही तं काय! माझी जयाही अशीच भिंत सोडून... असो. लेकीचं नाव आलं की हात थांबते. पोरीले जन्म दिला अन् गेली.

गोपीचं चालणं थेट तुमच्यावर गेलं आहे. डोकं पुढं, पाय मागून. राग मानू नका. रागही तुमचाच घेतला तिनं. वरणात मीठ कमी पडलं की वाटी लोटून देते. लग्नात माझा रस्सा अळणी म्हणून तुम्ही ताटावरून उठल्या होत्या, तश्शी.

जावई चंद्रभान दर रविवारी वाडीहून येते. ट्रकमध्ये पोती चढवून चढवून तुमच्या लेकाचे खांदे सोलले आहेत, पण लेकीसाठी संत्रं आणल्याशिवाय येत नाही. गोदामाजवळच्या खोलीत एकटा माणूस तान्ही पोर कशी ठेवणार? म्हणून ती माझ्यापाशी.

दिवाळीले तुम्ही आल्या अन् पाळण्याची दोरी माझ्या मागाच्या पावडीले बांधलेली पाहिली. "नात पोसून राहिल्या का मागाले जुंपून?" म्हणाल्या. जाताना उंबऱ्यात म्हणाल्या, "होळी झाली की मी तिले घेऊन जाईन." मी चहा गाळत होती. आयकू आलं नाही असं केलं. आलं होतं, ईनबाई.

तुम्हीही विणकराच्या घरच्या. पाय पावडीवर पडला की पाळणा हलते, हात धोट्यावर राहते, चूल पेटते. पाळणा हलवायले घरात दुसरं होतं तरी कोण?

तो पाळणा गेल्या गुरुवारी थांबला.

लिहू का नको, दोन दिवस झाले विचार करून राहिली. विणता विणता डोळ्यापुढं अंधारी आली. माझे पाय थांबले, म्हणून पाळणा थांबला, म्हणून गोपी जागी झाली अन् तिनं भोंगा पसरला. तो आयकून गोदूबाई धावत आली. मी मागावर मान टाकून पडली होती. दोरी बांधली नसती तं पोरगी निजूनच राहिली असती, अन् मीही.

मेडिकलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात गाठ आहे, अंगात रक्त नाही, १२ तारखेले, सोमवारी भरती व्हा. म्या म्हटलं, होळी होऊ द्या जी, नातीची पहिली होळी आहे. त्या म्हणाल्या, "आजी, होळी दरसाल येते."

चंद्रभानले सांगितलं नाही. सांगितलं तं तो उभ्या पायी गोपीले उमरेडले आणून टाकील. तुम्हालेही सांगणार नव्हती. खरं लिहिते, गाठीचं भेव नाही तेवढं तुमचं आहे. एकदा पोरगी उमरेडच्या गाडीत बसली की मी दवाखान्यातून घरी कोणासाठी येऊ?

म्हणून हे पत्र. न्यायले येऊ नका. राहायले या.

दुपारची गोदूबाई पाहते म्हणाली, पण तिचीही पाच लेकरं आहेत. अन् झोपेत दचकली की गोपीले घरचंच माणूस लागते. तिखटाचा डबा वरच्या फळीवर आहे, रस्सा तुमच्या मनासारखा करा, मी नाव ठेवणार नाही. ठेवीन, पण हळू.

मागावर अर्धं लुगडं आहे. विणणारीचा हात बदलला की कापडात पट्टा उमटते, हे तुम्हाले का सांगू? त्याच्यासाठी मी जन्मभर माझ्या मागावर कोणाले बसू दिलं नाही, जयालेही नाही. तुम्ही बसा. तुमचा हात माझ्यापेक्षा जड, पट्टा दिसंल. दिसू द्या. दोघींच्या हातचं आहे म्हणून सांगू. दोरी मी सोडली नाही, पावडीलेच आहे.

रविवारी उमरेडच्या गाडीवर गोपीले घेऊन उभी राहीन. तुम्ही उतरल्या की तिले खाली सोडीन. तुमच्याकडं तिच्या पायानं येते का, पाहू.

नातीच्या दोन आज्यांतली एक,
रुखमा